अब्बांनी उघडलेले डोळे

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या कॅफेत माझ्या भावाचा फोटो लावलेला आहे, हे मुक्ताला ठाऊक नव्हतं. ती त्याची मुलगी. तिने मला तिथे नेलं ते कॉफीचं निमित्त करून, मला घराबाहेर काढायचं म्हणून. माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. भिंतीवर काळ्या चौकटींमध्ये सात फोटो होते आणि वर इंग्रजीत एक पाटी, सत्तरच्या दशकातलं रॉक अशा अर्थाची. मानेवर रुळणारे केस, रुंद कॉलरचे शर्ट, बेलबॉटम, जमिनीवर सापासारख्या पसरलेल्या वायरी. मी चष्मा काढून पुसला. चौथ्या फोटोत माइक धरून उभा असलेला मुलगा माझा दादा होता.

"काय झालं, आत्या?"

"तो फोटो बघ."

"कुठला? तो सिंगर? केस भारी आहेत."

"तुझा बाबा आहे तो."

मुक्ता उठली, फोटोपाशी गेली आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. परत आली तेव्हा तिच्या कपाळाला आठी होती.

"हनुवटी बाबाची आहे. हातही. पण बाबाचे डोळे असे नव्हते."

तिचं बरोबर होतं. फोटोतले डोळे मोठे होते, टक्क उघडे, थोडे वर पाहणारे, प्रत्येक बुबुळात एकाच जागी एक पांढरा ठिपका. दादाचे डोळे बारीक होते. शिवाय गाताना तो डोळे मिटायचा. मी त्याला उघड्या डोळ्यांनी गाताना कधी पाहिलेलं नाही.

आणि तरीही ते डोळे माझ्या ओळखीचे होते. आमच्या आजोबांच्या हार घातलेल्या फोटोत तेच डोळे होते. शेजारच्या कासारकाकूंच्या फोटोत तेच. दहीपुलाच्या आसपास जुन्या घरांत कोणाकडे भेटायला गेलं, की समोरच्या भिंतीवरून ते आपल्याकडे बघायचे. लहानपणी मला वाटायचं, माणूस गेला की त्याला असे डोळे मिळतात.

काउंटरवरच्या मुलीला मुक्ताने विचारलं, हे फोटो कुठून आणले.

"विंटेज आहेत, मॅडम. ओरिजिनल. जुन्या गावातल्या एका स्टुडिओचं सामान निघालं होतं, ते सरांनी घेतलं."

"यातले लोक कोण आहेत, माहितीये?"

"फॉरेनचे असतील ना?"

मुक्ता हसली. मग मलाही हसू आलं. दादा गेल्यानंतर आम्ही दोघी एकत्र हसलो ते बहुधा त्या दिवशीच पहिल्यांदा. फोटोत ढोलावर पसरलेली चादर आमच्या घरची होती. तिच्या काठावर आईने घातलेले टाके मोजता आले असते.

*

ती चादर तिथे असण्याचं कारण असं की ढोल लग्नाच्या बँडचा होता. त्याच्या कातड्यावर लाल-पिवळ्या अक्षरांत त्या बँडचं नाव आणि खाली दोन मोर रंगवलेले होते. दादाचा मित्र विलास तो ढोल भाड्याने आणायचा, लग्नसराई नसेल तेव्हा. मोर दिसू नयेत म्हणून चादर. विलासच्या मामांचा सातपूरला छोटा वर्कशॉप होता, दोन लेथ आणि एक ड्रिल. सुट्टीच्या दिवशी मशीन बंद असायची, तेव्हा दादा, विलास आणि आणखी दोन मित्र तिथे वाजवायचे. त्यांनी आपल्या बँडचं नाव 'द सेकंड शिफ्ट' ठेवलं होतं. मामा म्हणायचे, पहिल्या शिफ्टला यायला सांगितलं असतं तर एकही जण आला नसता.

त्या जागेला एक वास होता. कापलेल्या लोखंडाचा, त्यावर ओतलेल्या दुधाळ तेलपाण्याचा, आणि थोड्या वेळाने त्यात मिसळणारा, अँप्लिफायरच्या तापलेल्या धुळीचा. तो अँप्लिफायर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एकाने बनवून दिला होता; त्याला खोका नव्हता, म्हणून तो सफरचंदाच्या पेटीत बसवला होता. बेस गिटारची जाड तार छेडली की मागच्या मांडणीवर ठेवलेले पत्रे आपोआप झणझणायचे. प्रत्येक गाण्यात ते पत्रे होते. पुढे मी तीच गाणी चांगल्या यंत्रांवर ऐकली, तेव्हा काहीतरी कमी आहे असं वाटायचं. कमी होते ते पत्रे.

मी तिथे जायचे ते वहीमुळे. देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यात एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत, त्यांच्याकडे परदेशी रेकॉर्ड होत्या. दादावर त्यांचा जीव होता. एक रेकॉर्ड ते त्याला आठवडाभरासाठी देत. त्या आठवड्यात मी पुन्हा पुन्हा सुई मागे नेऊन शब्द उतरवून घ्यायचे. इंग्रजी आमच्यापैकी माझंच बरं होतं. दोनशे पानी वही, निळी शाई, जिथे श्वास घ्यायचा तिथे उभी रेघ. मी सतरा वर्षांची होते. त्या शब्दांतली दुःखं मला कळत नव्हती, त्यातले रस्ते आणि नद्याही माझ्या नव्हत्या; पण मी ते पाठ्यपुस्तकातल्या कवितेसारखे सुवाच्य अक्षरात लिहायचे.

"मास्तरीणबाई आल्या," मला बघून विलास म्हणायचा. "आता चुकलो तर छडी."

"तू ढोल बडव. तुला कुठे शब्द आहेत?" दादा म्हणायचा.

मी लाकडी खोक्यावर वही उघडून बसायचे. दादाने वहीकडे बघून म्हणावं, ही अपेक्षा. पण तो बघायचाच नाही. माइक धरला की डोळे घट्ट मिटायचा, कपाळावर आठ्या, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या, जणू कोणी तोंडावर पाणी मारलंय. मला राग यायचा. एवढं लिहून काय उपयोग?

एकदा बसने घरी येताना मी तसं बोलून दाखवलं.

"वेडी आहेस," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "उघड्या डोळ्यांनी मला काहीच आठवत नाही. समोर लोक दिसतात, विलासचे दात दिसतात. मिटले की तुझी वही दिसते. पान दिसतं. कुठे शाई सांडलीये, कुठे खाडाखोड आहे, सगळं."

"काहीही."

"खरंच. तिसऱ्या ओळीत तू एक शब्द खोडून वर दुसरा लिहिलायस ना? तिथे मी दर वेळी अडखळतो. आधी खोडलेला वाचतो, मग वरचा."

ते खरं होतं. त्या गाण्याच्या तिसऱ्या ओळीत तो क्षणभर थांबायचा. पॉलिटेक्निकच्या गॅदरिंगला तो तिथे थांबला तेव्हा पुढच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. लोकांना ती त्याची अदा वाटली. ती माझी खाडाखोड होती, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

*

त्याच गॅदरिंगचे ते फोटो. युसूफने काढलेले. युसूफ दादाचा वर्गमित्र, शाळा सोडून वडिलांच्या स्टुडिओत बसलेला. मेन रोडपासून आत, एका बोळात तो स्टुडिओ होता. छातीशी धरून वरून आत बघायचा तो जुना कॅमेरा घेऊन युसूफ संध्याकाळभर मंचाच्या आजूबाजूला फिरत होता. दर वेळी एक बल्ब फुटल्यासारखा उजेड व्हायचा आणि त्याचा जळका वास खाली आमच्यापर्यंत यायचा. आठ-दहा दिवसांनी फोटो आले. वर्कशॉपमध्ये लेथवर कागद पसरून ते मांडले. सगळे वाकून बघत होते आणि मग विलास ओरडला, "हा कोण?"

सगळ्या फोटोंत दादाचे डोळे उघडे होते.

युसूफ लाजला. "अब्बांनी केलं. मी नको म्हणत होतो."

युसूफचे अब्बा रीटचिंगचे उस्ताद होते. निगेटिववरचे डाग ते बारीक पेन्सिलीने घालवायचे आणि प्रिंटवर तीन केसांच्या ब्रशने काम करायचे. गावात त्यांचं नाव होतं ते एका कामासाठी. एखादा माणूस फोटो न काढताच गेला, की घरचे लोक त्यांना बोलावायला यायचे. अंगणात त्याला टेकून बसवायचं, नवी टोपी घालायची, फोटो घ्यायचा. मग अब्बा प्रिंटवर त्याचे डोळे उघडायचे. 'उघडायचे' हाच शब्द होता. भिंतीवर लावायच्या फोटोत डोळे मिटलेले चालत नाहीत, हा सगळ्यांचाच समज होता, अब्बांचाही. मिटले डोळे म्हणजे फोटो वाया. डोळे मिटलेला फोटो त्यांच्या स्टुडिओतून कधी बाहेर गेला नाही, मग तो नवरीचा असो, पासपोर्टचा असो किंवा माइक धरून ओरडणाऱ्या मुलाचा.

आम्ही त्या दिवशी खूप हसलो. दादा सगळ्यात जास्त. "अब्बांनी मला जागं केलं रे," तो म्हणाला. मीही हसले. त्या वेळी ते हसण्यासारखंच होतं.

मग एका वर्षी गिटार माळ्यावर गेली. केस कापले गेले. दादा सातपूरलाच, पण मोठ्या कारखान्यात नोकरीला लागला आणि स्टीलच्या डब्यातून पोळीभाजी नेऊ लागला. विलास परदेशी गेला. रेकॉर्डवाले गृहस्थ वारले, त्यांचा बंगला पाडला. आमचं घर बदललं तेव्हा रद्दीत वहीही गेली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते, दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं जपत होते. दादाच्या लग्नात सनई होती. वहिनी सिन्नरच्या. त्यांनी दादाला गाताना कधी ऐकलं नाही. देवासमोर आरतीला तो टाळ वाजवायचा, तोंड हलवायचा, पण आवाज बाहेर काढायचा नाही.

*

कॅफेतून आम्ही घरी आलो तेव्हा वहिनी टेबलावर फोटो पसरून बसल्या होत्या. वर्षश्राद्धाला तीन आठवडे होते. दादाचा मोठा फोटो अजून केलेला नव्हता. दिवसकार्याला मुक्ताने मोबाइलवरून एक काढून घाईने फ्रेम केला होता, तो फिकट पडत चालला होता. वहिनींनी कारखान्याच्या निरोप समारंभातला निवडला होता. शाल, श्रीफळ, आणि उन्हामुळे थोडा वैतागलेला दादा.

मुक्ताने कॅफेतलं सगळं सांगितलं. मग मी, विचार न करता, म्हणाले, "त्याचा गातानाचा फोटो लावू या. खरा. डोळे मिटलेला."

वहिनी हातातला फोटो खाली ठेवत म्हणाल्या, "वन्सं, डोळे मिटलेला फोटो भिंतीवर कोणी लावतं का?"

"पण तो तसाच—"

"ह्यांचे डोळे मी मिटलेत." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "माझ्या हाताने. पुन्हा मला ते बघायचे नाहीत."

शेवटचे बावीस दिवस दादाचे डोळे मिटत नव्हते. मेंदूचा झटका होता. पापण्या अर्ध्यावर यायच्या आणि तिथेच थांबायच्या. नर्स येऊन ओल्या कापसाची पट्टी ठेवायची, ती सुकायची, पुन्हा ओली करायची. आम्ही आळीपाळीने बसायचो. मी त्या डोळ्यांत बघायचे आणि तिथे कोणी नसायचं. शेवटी वहिनींनी तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. आम्ही दोघी एकाच गोष्टीपासून पळत होतो आणि उलट्या दिशांना पळत होतो. मला उघडे डोळे नको होते, त्यांना मिटलेले.

पण गाताना मिटलेले डोळे वेगळे होते, हे मला बोलून पटवता येणार नव्हतं. ते दाखवावं लागलं असतं. आणि दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. वही नव्हती. आवाज कुठे रेकॉर्ड झालेला नव्हता. फोटोंत डोळे अब्बांचे होते. राहिली असेल तर निगेटिव.

*

बोळ अजून तसाच अरुंद होता, फक्त वर तारा वाढल्या होत्या. स्टुडिओचं शटर अर्धं वर होतं. आत काउंटर नव्हता, पडदा नव्हता. मागच्या भिंतीवर रंगवलेलं तळं आणि हंस तेवढे होते, कारण भिंत विकता येत नाही. युसूफभाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून जुन्या भिंगावर फुंकर मारत होते. दाढी पांढरी झाली होती.

"कोण, ताई? या, या. किती सालांनी!" ते उठायला लागले, गुडघ्यामुळे पुन्हा बसले. "दादाचं कळलं होतं. मी आलो होतो मातीला, मागे उभा होतो. तुम्हाला दिसलो नसेन."

मी सांगितलं, दिसले नव्हते. मग कॅफेचं सांगितलं.

"हां, ते पोरगं घेऊन गेलं. म्हणे डेकोरेशनला. मी म्हटलं ने बाबा, इथं उंदीर खाणार त्यापेक्षा." ते हसले. "दादा कसा दिसतोय तिथे?"

"डोळे अब्बांचे आहेत."

"ते तर राहणारच. अब्बांच्या हातात एकच जोडी होती. सगळ्यांना तीच. मी विचारायचो, अब्बा, समोरच्याचे डोळे बघून तरी काढा. ते म्हणायचे, मय्यतचे डोळे कोणी बघितलेत?" त्यांनी भिंग सदऱ्याला पुसलं. "खालाजान, माझी मावशी, मेली तेव्हा मला समजलं. मरायच्या आधी म्हणाली, तुझा बाप गावभर तुझ्या अम्मीचे डोळे वाटत फिरला. अम्मी गेली तेव्हा मी दीड वर्षाचा. तिचा फोटो नाही आमच्याकडे. फोटोवाल्याची बायको, पण कधी बसलीच नाही समोर. आता खरं काय, अल्लाला माहीत."

ते हे असं म्हणाले, जसं कोणी पावसाचं बोलतं. मी आजोबांच्या फोटोचा विचार करत होते. त्या फोटोपुढे आई रोज उदबत्ती लावायची.

मी निगेटिवचं विचारलं. त्यांनी मान हलवली. "गोण्याच्या गोण्या गेल्या, ताई. फिल्ममधून चांदी काढणारा एक येतो मालेगावहून, त्याला दिल्या. लग्नं गेली, पासपोर्ट गेले, शाळा-कॉलेज गेलं. तुमचं गॅदरिंग कॉलेजच्या डब्यात असणार. नाही राहिलं." माझा चेहरा बघून ते थांबले. "बसा. चहा सांगतो."

चहा आला. आम्ही तो प्यायलो. दादा शाळेत कसा होता ते त्यांनी सांगितलं. मला त्यातलं बरंचसं माहीत होतं, पण मी ऐकलं. निघायला म्हणून मी पर्स उचलली, तेव्हा ते कपाळावर हात मारत म्हणाले, "थांबा. एक डबा आहे. तो मी नाही दिला."

मागच्या फडताळातून त्यांनी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढला. झाकणावर उर्दूत एक शब्द होता.

"मय्यत," ते म्हणाले. "गेलेल्यांचा. हा कसा विकायचा? कोणीही कधीही येतं मागायला. फ्रेम फुटते, पाणी लागतं, मग घरचे येतात."

"पण दादा तेव्हा—"

"बघू तर. अब्बा नावाने नव्हते ठेवत, कामाने ठेवत होते. डोळे उघडायचं काम म्हणजे हा डबा. जिंदा असो की मुर्दा."

पाकिटं पिवळी पडली होती. काहींमधल्या फिल्म एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या तशाच बाजूला ठेवल्या. युसूफभाई एकेक निगेटिव दारातल्या उजेडात धरत होते. पांढरे केस काळे, काळ्या टोप्या पांढऱ्या. किती तरी अंगणं, किती तरी टेकून बसवलेली माणसं, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले, जसे खरोखर होते तसे. नाशिकची एवढी माणसं मी एका दुपारी झोपलेली बघितली. मला भीती वाटली नाही. अर्धा तास गेला असेल. डबा तळाशी येत चालला होता आणि मी मनात पर्स उचलून निघाले होते.

"ढोलावर चादर होती ना?" युसूफभाई म्हणाले.

त्यांनी फिल्म माझ्या हातात दिली. काठाने धरा, म्हणाले. मी ती उजेडात धरली. उलट्या रंगात एक काळ्या चेहऱ्याचा, पांढऱ्या केसांचा मुलगा तोंड उघडून उभा होता. डोळ्यांच्या जागी दोन गडद गाठी. ब्रश पोहोचला नव्हता.

*

कॉलेज रोडच्या लॅबमध्ये मुक्ता आणि मी गेलो. संगणकावर बसलेल्या मुलीने निगेटिव मशीनमध्ये घातली, दोन कळा दाबल्या आणि पडद्यावर दादा सुलटा झाला. मुक्ताने माझा दंड धरला.

"छान आहे, मॅडम," मुलगी म्हणाली. "फक्त आईज क्लोज्ड आहेत. ओपन करून देऊ का? एका मिनिटात होतं आता, एआयवर. एक्स्ट्रा चार्ज नाही."

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. मला अब्बा आठवले, बोळातल्या खिडकीपाशी वाकलेले, ब्रशाचं टोक ओठांनी ओलं करणारे.

"नको," मी म्हणाले. "डोळ्यांना हात लावू नका."

तो फोटो मी वहिनींच्या हातात दिला तेव्हा त्या कोथिंबीर निवडत होत्या. लावायचाच असं नाही, मी म्हणाले, फक्त बघा. त्यांनी हात पुसले, फोटो खिडकीशी नेला. मी मनात उत्तरं जुळवत होते. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "गळ्याची शीर किती फुगलीये."

"वरचा सूर असायचा."

"आणि इथे," त्यांनी बोट फोटोवर न टेकवता डोळ्यांच्या कडेला धरलं, "किती घट्ट आवळलेत. मी मिटले तेव्हा..." त्या थांबल्या. "तेव्हा अशा सुरकुत्या नव्हत्या. सगळं सैल होतं." मग थोड्या वेळाने, "काय बघायचे हो डोळे मिटून?"

मी त्यांना वहीचं सांगितलं. खाडाखोडीचं, तिसऱ्या ओळीत थांबण्याचं, शिट्ट्यांचं. दादा गेल्यावरही मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर आमच्या दोघांपैकी जो उरलाय त्याच्याकडेही ते उरणार नाही, असं काहीतरी वाटायचं. वहिनींनी ऐकून घेतलं.

"माझ्यासमोर कधी नाही म्हटलं काही," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं. मला वाटायचं, ह्यांना गाणं आवडतच नाही."

त्यात तक्रार नव्हती. त्यांनी फोटो ताटाने झाकून ठेवला, मांजर येतं म्हणून, आणि पुन्हा कोथिंबीर निवडायला बसल्या. कोणता लावायचा ते बोलणं झालं नाही. निरोप समारंभाचा फोटोही त्यांनी मोठा करून आणवला होता. दोन्ही फ्रेम कपाटात शेजारी शेजारी होत्या.

मधल्या दिवसांत मी एकदा एकटीच त्या कॅफेत जाऊन आले. मुक्ता म्हणत होती, ते फोटो विकत घेऊ या. मी नको म्हटलं. तिथे दादा आहे, ढोल आहे, आईची चादर आहे; पण डोळे एका अशा बाईचे आहेत जिचा कुठेच फोटो नाही. कॉफी पीत मी तिच्याकडे बघत बसले. कोपऱ्यातल्या स्पीकरवर कोणाचं तरी गाणं चालू होतं, स्वच्छ, पत्र्यांशिवाय.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी सकाळी लवकर गेले. हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली होती, तूप-भाताचा वास होता, गुरुजी दर्भ मोजत होते. पाटावर, झेंडूच्या हाराच्या मागे, डोळे घट्ट आवळलेला दादा होता. हार वहिनींनी मुद्दाम आखूड केला होता, गळ्याची शीर झाकली जाऊ नये म्हणून.

साडेअकराच्या सुमाराला माणसं येऊ लागली. सिन्नरच्या मोठ्या काकू, ज्यांचा आवाज तीन घरं ऐकू जातो, दारातूनच बोलत आल्या. चपला काढता काढता भाजीचे भाव, रस्त्यावरचे खड्डे, सुनेचं गुडघ्याचं ऑपरेशन. मग त्यांची नजर पाटाकडे गेली.

"अगं बाई! हा कसला फोटो? डोळे मिटलेला लावतात का कधी? दुसरा नव्हता का?"

खोलीतले सगळे वहिनींकडे बघू लागले. मीही. वहिनी निरांजनाची वात पुढे सारत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं,

"गातायत ते."

काकूंनी तोंड उघडलं, पुन्हा फोटोकडे बघितलं, आणि आवाज न करता सतरंजीवर बसल्या. शेजारची बाई त्यांना काही विचारायला वळली, तर त्यांनी तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं.